दाट झाडीच्या कोर्सवर डिस्क्राफ्टची बझ: घ्यायची तर एकाच साच्याच्या तीन घ्या

डिस्क गोल्फ म्हणजे टीवरून, अर्थात सुरुवातीच्या जागेवरून, डिस्क फेकत कमीत कमी फेकींत बास्केट गाठण्याचा खेळ. दाट झाडीतल्या कोर्सवर बहुतेक होलचा निकाल टी सोडल्यावर पहिल्या तीस मीटरमध्येच लागतो. पहिल्या फटीतून डिस्क स्वच्छ बाहेर पडली, तर पुढचं काम साध्या हिशेबाचं राहतं. बुंध्यावर आपटली, तर पुढची फेक झुडपात गुडघा टेकून करावी लागते. म्हणून अशा कोर्ससाठी डिस्क निवडताना ती किती लांब जाते हे आम्ही शेवटी पाहतो. ती सुटल्यापासून फट ओलांडेपर्यंत काय करते, हे आधी.

या कसोटीला डिस्क्राफ्ट कंपनीची बझ ही मिडरेंज, म्हणजे मध्यम पल्ल्याची, डिस्क फार चांगली उतरते. पण एक बझ घेऊन भागत नाही. एकाच साच्याच्या तीन हव्यात, तिन्ही वेगवेगळ्या झिजलेल्या. हे परीक्षण झाडीतल्या खेळापुरतंच आहे; उघड्या, वाऱ्याच्या मैदानावर तिचा कस वेगळा लागतो.

कंपनीने दिलेले आकडे असे: वेग 5, ग्लाइड (हवेत तरंगत राहण्याची क्षमता) 4, टर्न उणे 1, फेड 1. उजव्या हाताच्या बॅकहँडने फेकलेली डिस्क वरून पाहता घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरते. वेगात असताना ती किंचित उजवीकडे झुकते (हा टर्न) आणि वेग ओसरला की डावीकडे कलते (हा फेड). डावखुऱ्यांनी दिशा उलट धराव्यात. बझच्या बाबतीत दोन्ही आकडे लहान आणि जवळजवळ एकमेकांना फेडणारे आहेत, त्यामुळे मधला बराच प्रवास सरळ होतो. व्यास 21.7 सेंटिमीटर. पीडीजीएच्या, म्हणजे व्यावसायिक डिस्क गोल्फ संघटनेच्या, नियमाने व्यासाच्या दर सेंटिमीटरमागे 8.3 ग्रॅम वजन चालतं, म्हणून बझ 180 ग्रॅमपर्यंत मिळते. रिमच्या खालच्या कडेला उंचवट्याची गोल कड, म्हणजे बीड, नाही. त्यामुळे ती बोटांतून सुटताना अडत नाही, पण हात ओला असेल तर पकडायला तेवढा आधारही मिळत नाही.

आता फटीचं गणित. टीपासून 20 मीटरवर दोन बुंध्यांमध्ये 3 मीटर जागा आहे असं धरा. मध्यावर नेम धरला तर दोन्ही बाजूंना दीड मीटर उरतं. त्यातून डिस्कची अर्धी रुंदी वजा केली की राहतात 1.39 मीटर. म्हणजे सुटण्याची दिशा डावी-उजवीकडे फार तर चार अंश चुकलेली चालते. तीच फट 30 मीटरवर असेल तर अडीच अंशांपेक्षा थोडी जास्त. एवढ्या अचूकपणे पूर्ण जोराने, धावत येऊन ड्रायव्हर, म्हणजे लांब पल्ल्याची डिस्क, सोडणं चांगल्या खेळाडूंनाही दरवेळी जमत नाही. हात किंचित उशिरा सुटला तर डिस्क उजव्या बुंध्यावर, लवकर सुटला तर डाव्या. मिडरेंजची रिम अरुंद असते, ती साठ-सत्तर टक्के जोरातही नीट उडते आणि धाव एक-दोन पावलांवर आणता येते. ड्रायव्हर 90 मीटर फेकणाऱ्याची बझ साधारण 70 ते 75 मीटर जाते. झाडीत हे गेलेले पंधरा-वीस मीटर परवडतात, कारण तिथे वळणाच्या आधीच थांबावं लागणारी होल भरपूर असतात.

बाजूच्या बुंध्यांइतकंच डोक्यावरचं छतही त्रास देतं. फांद्या तीन-चार मीटरवर असतील आणि डिस्कचं नाक, म्हणजे पुढची कड, थोडं जरी वर असेल तरी ती वर चढते, पानांत शिरते आणि खाली पडते. नवखे याचा दोष डिस्कला देतात. दोष मनगटाचा असतो. अंगठा रिमच्या अगदी कडेवर न ठेवता थोडा आत, पत्र्यावर, म्हणजे डिस्कच्या वरच्या पृष्ठभागावर, घट्ट दाबा, मनगट किंचित खाली झुकवा आणि डिस्क छातीच्या उंचीवर एका सपाट रेषेत ओढा. शेवटी हात वर उचलू नका. बझचा ग्लाइड मध्यम आहे, त्यामुळे नाक नीट असलं की ती दोन-अडीच मीटर उंचीवर बराच वेळ टिकते आणि उतरतानाही उथळ उतरते. जास्त ग्लाइडच्या डिस्क अशा बोगद्यात तरंगत वर जातात, किंवा बास्केटच्या पुढे निघून जातात.

आता तीन डिस्कची गोष्ट. खरेदीच्या वेळी हीच बाजू बहुतेकांच्या नजरेतून सुटते.

कोरी बझ तिच्या आकड्यांपेक्षा थोडी हट्टी असते. टर्न जवळपास दिसत नाही आणि शेवटी डावीकडे ठळक वळण येतं. डावीकडे मुरडणाऱ्या फेअरवेला ही घ्या. उजवीकडे हलका वळसा हवा असेल तर बाहेरची कड थोडी वर ठेवून, म्हणजे अँहायझरवर सोडा. ती तो कोन बराच वेळ धरते आणि शेवटी स्वतःच सपाट होते.

झाडांचे पुरेसे मार खाल्ले की बझ मुरते, म्हणजे झिजून तिचा हट्ट कमी होतो. मधल्या अवस्थेतली, निम्मी मुरलेली बझ हा झाडीतला सगळ्यांत मोलाचा ऐवज. सपाट सोडली की सरळ जाते आणि शेवटी जेमतेम कलते. लांब अरुंद बोगद्यांसाठी आम्ही हिच्यापुढे दुसऱ्या कशाचाही विचार करत नाही.

पुरती मुरलेली बझ सपाट सोडली तर उजवीकडे निघून जाते. तिला दहा-पंधरा अंश हायझर द्या, म्हणजे बाहेरची कड खाली ठेवून सोडा. वेगात ती उठून सपाट होते आणि मग सरळ किंवा हलकी उजवीकडे जाते. टीजवळ डाव्या हाताला खाली वाकलेली फांदी असेल, तर कलती निघालेली डिस्क तिच्याजवळून निसटते आणि मोकळ्या जागेत आडवी होते. हे दुसऱ्या कशाने इतकं सोपं होत नाही.

मुरण्याचं कारण समजून घेतलं तर झीज मोजता येते. डिस्कच्या बाहेरच्या कडेवर वरचा आणि खालचा उतार जिथे भेटतात, त्या रेषेची उंची उड्डाण ठरवते. ही रेषा जमिनीपासून जितकी उंच, तितकी डिस्क डावीकडे परतण्याचा हट्ट धरते. बुंध्यांवर आपटून कड ठेचली जाते, रेषा खाली सरकते आणि डिस्क उजवीकडे वळू लागते. कोरी आणि जुनी बझ शेजारीशेजारी टेबलावर ठेवून डोळा कडेच्या पातळीवर आणा, फरक दिसतो. पण खरी परीक्षा फेकूनच होते: मोकळ्या जागेत तिन्ही एकाच जोराने, सपाट, पाठोपाठ फेका आणि पडल्या त्या जागांमधलं अंतर पाहा. दोन डिस्क दरवेळी जवळजवळ पडत असतील, तर त्यातली एक पिशवीत उगाच आहे.

किती लवकर मुरेल हे प्लास्टिकवर ठरतं. झेड हे अर्धपारदर्शक, कडक आणि चिवट. झाडांचा मार सर्वांत जास्त सोसतं, म्हणून कोऱ्या डिस्कची जागा त्याला द्या. ईएसपी हाताला मऊ, पकड जास्त चांगली, टिकतंही बरं. मधली डिस्क याची असावी. एक्स स्वस्त आणि लवकर मुरणारं, म्हणून तिसरी डिस्क याच्यातूनच तयार करावी. झेडला मुरवत बसलात तर फार काळ जाईल. थंडीत झेड काचेसारखं कडक आणि निसरडं होतं, तेव्हा ईएसपी हातात जास्त भरवशाचं लागतं.

बझच्या साच्याची एक खरी उणीव आहे. वेगवेगळ्या खेपांमध्ये वरचा फुगवटा कमीजास्त येतो. फुगीर डिस्क जास्त तरंगते, सपाट डिस्क लवकर खाली येते आणि काहींच्या बोटांना ती जास्त बरी बसते. पाकिटावरचे आकडे मात्र तेच राहतात. त्यामुळे शक्य असेल तर हातात घेऊनच घ्या. सपाट फळीवर ठेवून कड सगळीकडून टेकते का पाहा. कुठे उजेड दिसला तर डिस्क वाकलेली आहे. अंगठ्यांनी मधला पत्रा दाबा. तीन डिस्कपैकी एक फुगीर आणि एक सपाट निघाली, तर झिजेचा अंदाज बांधताना गोंधळ उडतो.

वजन 175 ते 178 ग्रॅम घ्या. जड डिस्क डहाळी आणि पानं फोडून रेषेवर राहते, हलकी तिथेच दिशा बदलते. ज्यांची मिडरेंज अजून 50 मीटरच्या आत पडते, त्यांनी मात्र 160च्या घरातली घ्यावी. त्यांच्या हाताचा वेग कमी असल्याने जड बझ टर्न दाखवतच नाही, सारखी डावीकडेच जाते.

रंगाकडे छंद म्हणून पाहू नका. हिरवी, तपकिरी, गडद लाल आणि पारदर्शक डिस्क झाडीत डोळ्यांदेखत नाहीशी होते. वाळलेल्या पानांत पिवळी आणि नारिंगीही हरवते. गडद गुलाबी आणि आकाशी निळी जवळजवळ प्रत्येक ऋतूत दिसते. शोधायला नियमाने तीनच मिनिटं मिळतात. सापडली नाही तर एक दंडाची फेक आणि पुन्हा आधीच्या जागेवरून खेळायचं, म्हणजे एका रंगाच्या हट्टापायी दोन गुणांचा फटका.

बझ कुठे कमी पडते? फोरहँडला. मनगट जरा जरी वाकडं वळलं तर डिस्क डगमगत सुटते आणि उजव्या हाताच्या फोरहँडला डावीकडे उलटते. स्वच्छ फोरहँड असलेल्यांना चालते. बाकीच्यांनी त्या कामाला डिस्क्राफ्टचीच झोन ठेवावी (वेग, ग्लाइड, टर्न, फेड याच क्रमाने 4, 3, 0, 3). तिचा फेड मोठा आहे आणि ती जोराची चूक पोटात घालते. समोरच्या वाऱ्यात बझ उजवीकडे जास्त वळते, पण झाडीत वारा मोडतो, म्हणून त्रास फक्त मोकळ्या पट्ट्यांवर होतो. पावसात बीड नसल्याची आठवण प्रत्येक फेकीला होते. दोन टॉवेल ठेवा, एक डिस्कला आणि एक फक्त हाताला.

स्पर्धक डिस्कपैकी इनोव्हाची माको3 (5, 5, 0, 0) याहून सरळ उडते, पण शेवटी परतत नाही. डोंगरउतारावर ती कुठे थांबेल याचा भरवसा कमी. इनोव्हाचीच रॉक (4, 4, 0, 3) डावीकडे खात्रीने परतते आणि ती मुरवण्याची परंपरा जुनी आहे, मात्र कोऱ्या रॉकने लांब सरळ बोगदा काढायला हात कसलेला लागतो. अ‍ॅक्सिअमची हेक्स (5, 5, -1, 1) बझच्या सर्वांत जवळची. तिच्या रिमवर वजनदार प्लास्टिकचा वेगळा थर असतो, ग्लाइड थोडा जास्त. छत उंच असेल तर हेक्स, ठेंगणं असेल तर बझ, असं आम्ही सांगू. डिस्क्राफ्टच्या बझ एसएस आणि बझ ओएस या भावंडांच्या मोहात मात्र पडू नका. एसएस मुळातच जास्त वळते, ओएस जास्त परतते, आणि तिन्हींचा पत्रा-कड हाताला थोडी वेगळी लागते. एकाच साच्याच्या तीन डिस्क बाळगण्याचा मुख्य फायदाच असा की बोटांना दरवेळी तीच कड मिळते आणि लक्ष फक्त कोनावर राहतं.

झाडीत अडकल्यावरही बझच काढा. पाय मार्करच्या, म्हणजे डिस्क थांबलेली जागा दाखवणाऱ्या खुणेच्या, मागे 20 सेंटिमीटर रुंद आणि 30 सेंटिमीटर खोल पट्ट्यात हवा, आणि उभं राहताना कोर्सवरची झाडंझुडपं कमीत कमी हलली पाहिजेत. हात फिरवायला जागा व्हावी म्हणून फांदी बाजूला दाबून धरता येत नाही. गुडघा टेका, कमरेतून न वळता कोपर आणि मनगटानेच कमरेच्या उंचीवरून सपाट फेका. निम्मी मुरलेली बझ अशा आखूड फेकीतही 30-35 मीटर सरळ जाते. समोर एक मीटरची फट आणि बाजूला चार मीटरचा मोकळा रस्ता दिसत असेल, तर बाजूला जा. एक फेक जाईल. फट चुकून डिस्क आणखी आत गेली तर दोन किंवा तीन जातील. उभंच राहता येत नसेल तर बास्केट आणि लाय (पुढची फेक जिथून करायची ती जागा) यांना जोडणाऱ्या रेषेवर मागे सरकता येतं, एक दंडाची फेक घेऊन.

देखभाल थोडीच आहे. बुंध्यावर आपटून कडेला निघालेले कुसळासारखे तुकडे बोट कापतात आणि सुटताना डिस्क अडवतात; बारीक सँडपेपरने तेवढेच घासून काढा. ओरखडे गुळगुळीत करणं नियमात बसतं, उड्डाण बदलेल इतकं घासणं बसत नाही. बंद गाडीत उन्हात ठेवू नका, पत्रा वाकतो. वाकलाच तर कढत पाण्यात थोडा वेळ धरा, मग सपाट फळीवर वजन ठेवून थंड होऊ द्या. कोऱ्या बझचा हट्ट संपला की तिला मधल्या जागी उतरवा, मधलीला तिसऱ्या जागी, आणि नवी झेड तेव्हाच विकत घ्या.