‘चेक ठेव, मी म्हणीन तवा टाक’

इतवारीच्या किराणा ओळीत एक ठोक व्यापारी आहेत. नाव लिहीत नाही. लिहून पैसे परत येणार नाहीत, डोक्याला ताप मात्र वाढेल. मार्च २०२४ मध्ये त्यांच्याकडे सर्व्हर, म्हणजे दुकानातल्या सगळ्या कॉम्प्युटरांना डेटा पुरवणारं मुख्य मशीन, बसवायचं काम घेतलं, मजुरी १२ हजार. काम संपलं तेव्हा मजुरी आणि माझ्या कार्डावरून गेलेले पैसे मिळून ९५ हजार त्यांच्याकडे अडकले होते. त्यातले ६५ हजार आजही तिथेच आहेत. नोकरी सोडून एकट्याने सर्व्हर-नेटवर्कची कामं घेणारी बरीच पोरं नागपुरात आहेत, त्यांच्यासाठी हे लिहून राहिलो.

आधी दराचं सांगतो, कारण मी फसलो तो तिथेच. चेक वगैरे नंतरची गोष्ट.

नोकरीत मला ३२ हजार पगार होता. महिन्याचे २६ दिवस, रोजचे ८ तास, म्हणजे तासाला साधारण १५४ रुपये. सेठनी विचारलं, "सर्व्हर सेटअपचे किती घेशील?" मी मनात तीन दिवस धरले. २४ तास, तासाला ५००, झाले १२ हजार. पगाराच्या तिपटीहून जास्त! तिथल्या तिथे हो म्हणून मोकळा झालो. सेटअप म्हणजे नेमकं काय काय, हे मी विचारलं नाही आणि त्यांनी सांगितलं नाही. आता वाटतं, त्यांनी न सांगणं मुद्दाम होतं. तेव्हा वाटलं, साधा माणूस आहे, त्यांना काय कळतं यातलं.

सेठच्या हिशेबात सेटअप म्हणजे जुन्या मशीनवरचा टॅली या हिशेबाच्या सॉफ्टवेअरचा डेटा नव्यावर, सहा जणांची लॉगिनं, दोन प्रिंटर, रात्रीचा बॅकअप आणि कळमन्याच्या गोदामातून व्हीपीएनने, म्हणजे इंटरनेटवरून दुकानाच्या सर्व्हरला सुरक्षित जोडून, बिलं. इथवर ठीक होतं. मग घरचं वायफाय आलं, भाच्याच्या लॅपटॉपमधला व्हायरस आला, सेठच्या मोबाइलवर दुकानातले कॅमेरे आले. "आलाच हायेस तर हे पण पाहून घे न भाऊ." मला डायरीत तास लिहायची सवय आहे. एकूण भरले ७१. म्हणजे तासाला १६९ रुपये, वर पेट्रोल माझं. नोकरीत निदान भर दुपारी कळमन्याला जावं लागत नव्हतं.

सर्व्हरला जागा दिली ती लाकडी जिन्याखाली, हळदीच्या पोत्यांना लागून. मी नको म्हटलं, तर म्हणाले, वरच्या एसीची हवा येते इथपर्यंत. एप्रिलअखेर मशीन दुपारी आपोआप बंद पडायला लागली. झाकण उघडलं तर पंख्याची पाती पिवळीधम्मक. बोट फिरवलं, तर हळदीचा पापुद्रा सालीसारखा सुटून हातात आला, आणि तापलेल्या प्लॅस्टिकच्या वासात फोडणीचा वास. ब्रशने साफ केलं, समोर जाळी बसवली. अडीच तास गेले. बिल लावलं नाही, कारण "सेटअप"मध्ये होतं ना सगळं.

आता पैशाचं. सर्व्हर, आरशासारख्या एकमेकींची नक्कल ठेवणाऱ्या दोन हार्ड डिस्क, यूपीएस आणि नेटवर्कचा स्विच मिळून १ लाख ८ हजार होत होते. सेठ म्हणाले, मार्च एंडिंगच्या आत बिल पाहिजे, पण पेमेंट अडकलं आहे. "तू कार्ड घासून टाक, दोन दिवसांत देतो." २५ हजार त्यांनी माझ्यासमोर यूपीआयने टाकले आणि त्या २५ हजारांनी माझी अक्कल विकत घेतली. सीताबर्डीच्या दुकानात कार्ड माझं घासलं गेलं, बिल मात्र त्यांच्या फर्मच्या नावावर, त्यांच्या जीएसटी नंबरासकट. याचा अर्थ मला वकिलाने नंतर समजावला. कागदोपत्री माल त्यांनी घेतला, पैसे चुकते झाले, साडेसोळा हजारांच्या आसपास जीएसटीची क्रेडिट, म्हणजे करातली वजावटही त्यांनाच मिळणार. मी त्या व्यवहारात कुठेच नव्हतो. माझ्याकडे होतं ते फक्त कार्डाचं स्टेटमेंट.

उरलेल्या ९५ हजारांचा चेक त्यांनी गादीवर बसून लिहिला. चहा मागवला, तारीख टाकली २८ मार्च, सही केली, शाई वाळावी म्हणून फुंकरही मारली. माझ्या हातात देताना म्हणाले, "पैसे कुठं पळून राहिले भाऊ? चेक ठेव, मी म्हणीन तवा टाक." चेक हातात आहे म्हटल्यावर मी त्याच दिवशी सगळे पासवर्ड भाच्याच्या वहीत उतरवून दिले. त्याने प्रत्येक पासवर्ड टाकून पाहिला आणि मगच मान हलवली. माझ्यापेक्षा तो हुशार निघाला.

एप्रिलमध्ये फोन केला, तर १९ तारखेचं मतदान होऊ दे. मग अक्षय तृतीया होऊ दे. मग घरचं लग्न, मग उन्हात गिऱ्हाईक नाही, मग पाऊस पडू दे. प्रत्येक वेळी आवाजात साखर. एकदाही नाही म्हणाले नाहीत, हे लक्षात घ्या. नाही म्हणाले असते, तर मी चेक टाकला असता. इकडे कार्डाचं व्याज महिन्याला साडेतीन टक्क्यांनी चढत होतं, ८३ हजारांवर २९०० च्या वर. घरी मी हे सांगितलं नव्हतं.

१ जुलैला, सोमवारी, न विचारताच चेक टाकला. काउंटरवरच्या बाईंनी तारीख पाहिली आणि चेक तसाच परत सरकवला. चेकची मुदत तीन महिने. पूर्वी सहा होती, रिझर्व्ह बँकेने एप्रिल २०१२ पासून तीन केली. माझा चेक जूनच्या शेवटच्या आठवड्यातच शिळा झाला होता. मुदतीत टाकून तो परत आला असता, तर चेक न वटल्याबद्दलचं कलम १३८ हाताशी होतं: बँकेचा मेमो मिळाल्यापासून ३० दिवसांत नोटीस, नोटीस पोचल्यावर त्यांना १५ दिवस, तरी पैसे नाही आले तर पुढच्या महिनाभरात कोर्टात तक्रार. मुदत गेलेल्या चेकवर यातलं काहीच होत नाही. सेठना हे पाठ होतं. व्यापारात केस पांढरे केलेत त्यांनी. मला चेक म्हणजे पैसे वाटत होते.

पुढे त्यांनी फोन उचलणं कमी केलं. मारबतीच्या दिवशी समक्ष गाठावं म्हणून निघालो, तर गर्दीत रस्ताच बंद. पिवळी मारबत, म्हणजे पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी मिरवणुकीत काढतात तो मोठा पुतळा, समोरून गेली. लोक "इडा पिडा घेऊन जा गे मारबत" ओरडत होते आणि माझी पिडा दोन गल्ल्यांपलीकडे गादीवर बसली होती.

आणि मग उलटा डाव पडला. विंडोज सर्व्हरचं लायसन्स सेठना नको होतं, "नंतर पाहू" म्हणाले, म्हणून मी इव्हॅल्युएशन कॉपी टाकली होती. ही १८० दिवस चालते, पुढे मशीन तासातासाला स्वतःच बंद होते. चाचणीपुरती असलेली कॉपी दुकानाच्या रोजच्या कामाला लावायलाच नको होती. ही चूक माझी, त्यांची नाही. पितृपक्षात मुदत संपली आणि भाच्याचा फोन आला: तू मुद्दाम बंद पाडलं, पोलिसांत जाऊन राहिलो. हातपाय गार पडले. नशीब, २६ मार्चला व्हॉट्सॲपवर "लायसन्स सहा महिन्यांच्या आत घ्यावं लागेल" असं लिहिलं होतं आणि सेठचा अंगठाही त्यावर आला होता. तो स्क्रीनशॉट पाठवला, तेव्हा पोलीस थांबले.

खोटं कशाला सांगू, जुलैमध्ये माझ्या मनात आलं होतं. व्हीपीएनचं माझं लॉगिन त्यांनी काढलं नव्हतं. घरी बसल्या टॅली बंद करणं दोन मिनिटांचं काम. तसं करू नका. कोणी पैसे बुडवले म्हणून त्याच्या मशीनमध्ये परवानगीशिवाय शिरलात, तर आयटी कायद्याच्या कलम ६६ खाली तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. फसलेले तुम्ही आणि आरोपीही तुम्हीच.

शेवटी सर्व्हर चालू करून द्यायची गरज होती म्हणून त्यांनी ३० हजार दिले. उरलेल्यासाठी दिवाणी दावा तीन वर्षांच्या आत करता येतो, वकिलाने कागद पाहून ठेवले आहेत. उद्यमची, म्हणजे छोट्या धंद्यांसाठीची सरकारी नोंदणी मी या सगळ्यानंतर केली. ती कामाआधी असती, तर २००६ च्या एमएसएमई कायद्याने लेखी करार नसताना १५ दिवसांत आणि करार असला तरी ४५ दिवसांत पैसे मागता आले असते, उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट चक्रवाढ व्याजासकट. तेही माझ्या १२ हजारांपुरतंच. कार्ड घासलेल्या मालाला तिथे जागा नाही.

दराचा हिशेब आता उलटा करतो. घरात ४५ हजार यायला पाहिजेत, पेट्रोल, फोन, अवजारं, आजारपण धरून ९ हजार वर. महिन्याच्या २०० तासांपैकी ज्याचं बिल लागतं असे माझे ९० च असतात. बाकीचे फोन, कोटेशन, जाणं-येणं आणि वसुलीत जातात. ५४ हजार भागिले ९०, तासाला ६००. याच्या खाली काम परवडत नाही, मग समोरचा पुढच्या तीन दुकानांचं गाजर दाखवो की आणखी काही. माल गिऱ्हाईक स्वतः दुकानातून घेतो, मी फक्त यादी देतो. पासवर्ड शेवटचा हप्ता खात्यात आल्यावर. जागा पाहायचे १५०० वेगळे, आणि ते आधी.

मागच्या आठवड्यात गांधीबागेतून एका कापडवाल्यांचा फोन आला, सर्व्हर सेटअपचे किती. मशीन किती, गोदाम कुठे, सर्व्हर ठेवणार कुठे, असं विचारत गेलो. १५०० ऐकून ते हसले आणि फोन ठेवला. तिसऱ्या दिवशी पैसे आले. गेलो, तर दुकानाच्या मागच्या खोलीत नेलं आणि म्हणाले, "जागा मस्त आहे, जिन्याखाली." मी टॉर्च लावून आधी कोपऱ्यात बोट फिरवून पाहिलं.