मेकॅनिकल डिस्क की हायड्रॉलिक? आधी हँडल बघा

सायकलला डिस्क ब्रेक घ्यायचे म्हटलं की मेकॅनिकल (केबलने ओढले जाणारे) घेऊ का हायड्रॉलिक (नळीतल्या तेलाच्या दाबावर चालणारे) हा प्रश्न येतोच, आणि सल्ला देणारे लगेच दोन पार्ट्या पाडून मोकळे. माझं मत विचाराल तर ब्रेकच्या आधी सायकलचं हँडल बघा. सरळ हँडल असेल, म्हणजे एमटीबी (माउंटन बाइक) किंवा हायब्रिड, तर हायड्रॉलिक घ्या. रोडबाइकसारखं ड्रॉप हँडल असेल तर बहुतेकांनी मेकॅनिकलवरच थांबावं.

कारण सगळी भानगड लिव्हरमध्ये आहे. सरळ हँडलवर ब्रेकचा लिव्हर वेगळा, गिअरचा शिफ्टर वेगळा, त्यामुळे जुने लिव्हर काढायचे, नवीन सेट लावायचा, गिअरला हातसुद्धा लावायचा नाही. शिमानो एमटी२०० सारखे सुरुवातीचे सेट तर लिव्हर, नळी, कॅलिपर (चाकाजवळचा, पॅड बसतात तो भाग) सगळं जोडून, तेल भरूनच मिळतात आणि चांगल्या मेकॅनिकल सेटपेक्षा फार महागही पडत नाहीत. फक्त एक बघून घ्या, स्वस्तातल्या काही सायकलींना सरळ हँडलवर पण ब्रेक आणि शिफ्टर एकाच तुकड्यात असतो, तसं असेल तर शिफ्टरचा खर्च वेगळा धरा. ड्रॉप हँडलला तर ब्रेक-गिअर एकत्रच, म्हणजे हायड्रॉलिक पाहिजे तर शिफ्टरची अख्खी जोडी बदला, मग स्पीड जुळत नाहीत म्हणून कॅसेट (मागच्या चाकावरच्या दातेरी चकत्या), मग डिरेलर (चेन सरकवणारा भाग), आणि शेवटी लक्षात येतं की एवढ्यात अजून थोडे घातले असते तर हायड्रॉलिकवाली सायकलच आली असती. मधला मार्ग आहे, टीआरपीचा एचवाय/आरडी, म्हणजे लिव्हरपासून केबल आणि कॅलिपरच्या आत तेल, डेकॅथलॉनच्या ट्रायबन आरसी ५२० डिस्कवर हेच यायचे. चालतात छान, पण केबल खराब झाली की त्याचा त्रास तसाच राहतो.

आता ब्रेक लागण्यातला फरक. सपाटीवर, शहरात, कोरड्या रस्त्यावर नीट लावलेला मेकॅनिकल डिस्क कुठे कमी पडत नाही. फरक कळतो तो घाटात. सिंहगडावरून गोळेवाडीकडे उतरताना पावसात, रस्त्यावर शेवाळं आणि समोरून गाडी, तिथे हायड्रॉलिकला एक बोट पुरतं आणि किती ब्रेक लागतोय ते बोटाला बरोब्बर कळतं. मेकॅनिकलवर तोच उतार उतरलात की खाली येईपर्यंत पंजा दुखायला लागतो. पॅड झिजत जातात तसं हायड्रॉलिक आपोआप जुळवून घेतो, मेकॅनिकलला ते आपण करायचं.

पण मेकॅनिकलला जी नावं ठेवली जातात त्यातली निम्मी आउटर केबलला, म्हणजे केबलवरच्या आवरणाला ठेवायला हवीत. स्वस्त आउटर असेल तर ब्रेक दाबला की ती आतल्या आत दबते आणि लिव्हर स्पंजसारखा लागतो. कम्प्रेशनलेस, म्हणजे न दबणारी आउटर टाकून बघा, ब्रेक बदलल्यासारखं वाटेल. दुसरं म्हणजे केबल किती ओढली जाते ते जुळलं पाहिजे. व्ही-ब्रेकचे (रिमवर दाबणाऱ्या ब्रेकचे) लिव्हर जास्त केबल ओढतात, रोडचे कमी, म्हणून एविड बीबी७ चे रोड आणि एमटीबी असे दोन वेगळे प्रकार आहेत आणि घेताना आपला कोणता ते विचारूनच घ्यायचं. टीआरपी स्पायरमध्ये दोन्ही बाजूंचे पॅड हलतात, बाकी बहुतेकांत एकच बाजू हलते आणि ती रोटरला, म्हणजे चाकावरच्या धातूच्या तबकडीला, वाकवून पलीकडच्या पॅडवर टेकवते.

ह्या एका बाजूवाल्यांचं फिटिंग नीट समजून घ्या कारण दुकानात पण हे घाईत होतं. आतला, म्हणजे स्पोककडचा पॅड स्थिर असतो. कॅलिपरचे दोन बोल्ट ढिले करा, लिव्हर घट्ट दाबून धरा, बोल्ट थोडे थोडे आलटून पालटून आवळा. मग खाली वाकून कॅलिपरच्या फटीतून पलीकडे पांढरा कागद धरून बघा, रोटरच्या दोन्ही बाजूंना उजेडाची बारीक रेघ दिसली पाहिजे, आतल्या बाजूची तर अगदी केसाएवढी. पुढे पॅड झिजले की लोक नुसती केबल ताणत बसतात, हे करू नका, त्याने कॅलिपरचा दांडा (केबल ज्याला ओढते तो) आधीच अर्धा फिरलेला राहतो, जोर कमी होतो आणि एक दिवस दांडा टेकतो पण ब्रेक लागत नाही. आधी आतल्या पॅडचा स्क्रू फिरवून पॅड जवळ आणा, केबल शेवटी.

फ्रेमला आणि फोर्कला डिस्कचे माउंट (कॅलिपर बसवायच्या जागा) नसतील तर मात्र हा विषय सोडा. क्लॅम्पवाले जुगाड पुढच्या फोर्कला तर अजिबात नको, तो फोर्क तसला जोर घ्यायला बनलेलाच नसतो. माउंट आहेत पण हब (चाकाचा मधला भाग) साधा आहे, त्यावर रोटर बसत नाही, तर चाक नवीन लागेल, आणि रोटर सहा बोल्टचा की सेंटरलॉक (मधल्या एका रिंगने आवळायचा) हे हब ठरवतो. रोटरची साइझ शहरासाठी १६० मिमी पुरे, वजन जास्त असेल किंवा सामान लादून घाट करायचे असतील तर पुढे १८०, फोर्कला चालत असेल तरच.

पॅडचं थोडक्यात: रेझिन शांत असतात आणि पटकन पकडतात, पण पावसाळ्यात चिखलाची वाळू त्यांना खाऊन टाकते. मेटलचे टिकतात, आवाज जास्त करतात. स्वस्त रोटरवर रेझिन पॅड ओन्ली असं लिहिलेलं असतं, त्यावर मेटल लावले की रोटरच झिजतो. शिमानोच्या हिशोबाने पॅडचा थर ०.५ मिमी राहिला की बदला, रोटर नवा १.८ मिमीचा असतो तो १.५ ला बाद. नवीन पॅड लावल्यावर मोकळ्या रस्त्यावर बऱ्यापैकी वेग घेऊन, थांबायच्या आत सोडून, असं वीसेक वेळा ब्रेक मारा, तोपर्यंत घाटात जाऊ नका.

दोघांचाही खरा शत्रू तेल. चेनला स्प्रे मारताना उडालेला एक फवारा रोटरवर बसला की ब्रेक किंचाळतो आणि धरत नाही. रोटर आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसता येतो, पॅडमध्ये तेल मुरलं तर बहुतेक वेळा ते फेकायचेच.

हायड्रॉलिकची देखभाल कमी पण आली की मोठी. लिव्हर दाबत दाबत हँडलला टेकायला लागला तर आधी पॅड बघा, ते ठीक असतील तर आत हवा आहे, ब्लीड करा, म्हणजे तेल भरून ती हवा बाहेर काढा. शिमानो आणि टेक्ट्रोला मिनरल ऑइल, स्रॅमच्या बऱ्याच ब्रेकना डॉट (गाड्यांत वापरतात तसलं ब्रेक फ्लुइड), हे एकमेकांत चालत नाही, सील फुगून ब्रेक वाया जातो. तुमच्या गावात ब्लीड करणारा नसेल तर किट घेऊन स्वतः शिकायची तयारी हवी. म्हणूनच बीआरएम (ठरलेल्या वेळेत पूर्ण करायच्या लांब पल्ल्याच्या राइड) करणारे कितीतरी जण अजून मेकॅनिकल सोडत नाहीत, रात्री कुठे आडरस्त्याला केबल तुटली तर पिशवीतली दुसरी टाकून, एका अॅलन कीवर काम होतं.

हायड्रॉलिक घेताना नळी कुठल्या लिव्हरला आहे तेही बघा. बाहेरच्या बाजारासाठी बांधलेल्या सेटमध्ये बऱ्याचदा पुढचा ब्रेक डाव्या हाताला येतो, आपल्याला मोटरसायकलमुळे उजव्या हाताची सवय. बदलता येतो, पण नळी सोडायची म्हणजे नवीन ऑलिव्ह, इन्सर्ट (नळीच्या टोकाला बसणारे छोटे भाग) आणि परत ब्लीड. आणि सायकल बसच्या टपावर किंवा रेल्वेने पाठवताना चाक काढलंत तर पॅडच्या मध्ये स्पेसर घाला, तो नसेल तर जाड पुठ्ठ्याची घडी, नाहीतर कोणीतरी लिव्हर दाबतंच आणि पॅड ढकलणारे पिस्टन पुढे येऊन चाक परत बसत नाही. तसं झालंच तर प्लॅस्टिकच्या टायर लिव्हरने हळूहळू मागे ढकला, स्क्रूड्रायव्हर नको, काही पिस्टन सिरॅमिकचे असतात आणि कड उडते.