शंभर फायलींमागे ओळ की मिनिटाला ओळ?

घाटंजीकडच्या भाच्याचा परवा फोन आला. "मामाजी, कपाशीच्या पानांचे चाळीस हजार फोटो लहान करणारी स्क्रिप्ट रात्रभर चालते. मधे काहीच दिसत नाही, लाइन गेली तर किती झालं तेही समजत नाही. ओळ दर शंभर फायलींनी छापू की दर मिनिटाला?"

लिहायला मोजणीचा मार्ग सोपा. एक गणक (दर फोटोला एकनं वाढणारा आकडा), शंभरनं भागून बाकी शून्य आली की छापायचं. साध्या शेलमध्येही (कमांड वाचून चालवणाऱ्या प्रोग्राममध्ये) चालतं, आणि लाइन गेल्यावर कुठून पुढं न्यायचं ते ढोबळ कळतं. पण फोटो हलके असले की ओळींचा पाऊस, जड असले की अर्धा तास शांतता.

वेळेच्या मार्गात हा ताप नाही. बॅश या शेलमध्ये 'सेकंड्स' (SECONDS) नावाचं चल, म्हणजे व्हेरिएबल, दर सेकंदाला आपोआप वाढतं. साठ झाले की छापा आणि त्यात शून्य भरा. वेळ बघायला दर फेरीला, म्हणजे दर फोटोला, 'डेट' कमांड बोलावू नका, प्रत्येक वेळी नवी प्रोसेस उभी राहते. मात्र उबुंटू लिनक्सवर स्क्रिप्ट 'एसएच' (sh) कमांडनं चालवली तर बॅशऐवजी डॅश हा दुसरा शेल उठतो, त्याला हे चल ठाऊकच नाही.

एकच फोटो अडकला तर दोन्ही मुके, कारण तपासणी फेरी संपल्यावरच होते. ओळी एररच्या वाटेनं (stderr) पाठवा, म्हणजे खऱ्या आउटपुटमध्ये मिसळत नाहीत.

सारख्या आकाराच्या फायली असतील तर मोजणी पुरे. भाच्याचे फोटो तीन मोबाइलचे, लहानमोठे. त्याला मिनिटवालाच सांगितला, ओळीत गणकाचा आकडा टाकून.