पेडल स्टीलच्या तारा बदलून सूर लावून देणारी सेवा : एक परीक्षण

साध्या गिटारींच्या कामात चांगला लौकिक असलेल्या एका कार्यशाळेकडे मी माझी दहा तारांची पेडल स्टील गिटार (पायांवर आडवी उभी असलेली, तारांवर धातूचा बार सरकवून वाजवायची आणि पेडल व लिव्हर यांनी तारांचे स्वर बदलणारी गिटार) तारा बदलण्यासाठी आणि सूर लावण्यासाठी दिली होती. तारा चढवण्याच्या कामाला मी पैकीच्या पैकी गुण देईन, सूर लावण्याचे काम मात्र जेमतेम काठावर पास झाले. इतर गिटारींच्या बाबतीत ही दोन कामे जवळजवळ एकच असतात, म्हणून तेथे एवढी तफावत सहसा दिसत नाही. पेडल स्टीलमध्ये मात्र खुंट्या पिळून मोकळ्या तारा सुरात आणल्या, तरी निम्मे काम उरलेलेच असते. पेडल दाबल्यावर आणि गुडघ्याने लिव्हर ढकलल्यावर जे स्वर निघतात, त्यांची जुळणी वेगळी करावी लागते, आणि तीही वाद्याच्या दुसऱ्या टोकाला.

प्रथम जे चांगले झाले ते सांगतो. माझे वाद्य ई नाइन या रूढ ट्यूनिंगचे, म्हणजे मोकळ्या तारांच्या ठरलेल्या स्वरजुळणीचे आहे. या ट्यूनिंगमध्ये तारा जाडीच्या क्रमाने येत नाहीत. पहिली तार एफ शार्पची आणि साधारण ०.०१३ इंच जाडीची, दुसरी डी शार्पची आणि ०.०१५ इंचाची, तर संचातील सर्वांत बारीक आणि सर्वांत उंच स्वराची, म्हणजे जी शार्पची ०.०११ इंचाची तार तिसऱ्या जागी असते. ज्याला हे ठाऊक नाही तो बारीक तार सवयीने कडेला लावतो आणि पुढचा सगळा क्रम बिघडतो. येथे तसे घडले नाही. उलट सहावी तार साधी हवी की गुंडाळीची (जिच्यावर दुसरी बारीक तार गुंडाळलेली असते ती), असे कारागिराने काम सुरू करण्यापूर्वीच विचारले, आणि हा प्रश्न जाणकाराचाच होता. साधी तार थोड्याशा ओढीनेही झपाट्याने चढते-उतरते, गुंडाळीच्या तारेला तेवढ्याच फरकासाठी जास्त ओढ द्यावी लागते. त्यामुळे हा प्रकार न विचारता बदलला, तर त्या तारेला जोडलेल्या प्रत्येक पेडलची आणि लिव्हरची बैठक विसकटते.

चेंजरची, म्हणजे पेडल दाबल्यावर तारांचा ताण बदलणाऱ्या यंत्रणेची साफसफाईही मनापासून केलेली दिसली. पेडल स्टीलमध्ये घोडी स्थिर नसते. प्रत्येक तारेसाठी एक स्वतंत्र फिंगर असते, तारेच्या टोकाचे बोंडूक तिच्यावरील खिळीत अडकते आणि तार फिंगरच्या गोलसर माथ्यावरून पुढे रोलर नटाकडे, म्हणजे खुंट्यांच्या बाजूच्या फिरत्या आधाराकडे जाते. पेडल दाबले की ही फिंगर किंचित फिरते आणि तार ताणली जाते. याचा अर्थ असा, की माथ्यावर तारेचा तोच एक बिंदू दरवेळी वाकतो आणि सरळ होतो. कालांतराने तेथे माथ्यावर बारीक खाच पडते, तिच्यात तार घासते आणि तुटते. माझ्या वाद्यावरील तिसऱ्या तारेची खाच नखाला स्पष्ट लागत होती. ती घासून, चकचकीत करून परत मिळाली, आणि फिंगरच्या आसाला पातळ तेलाचा एखादाच थेंब दिलेला होता. तेल ओतून ठेवले असते तर त्यावर धूळ बसून सगळी यंत्रणा जड झाली असती.

तिसऱ्या तारेचा विषय निघालाच आहे म्हणून एक सांगतो. ती वारंवार तुटते म्हणून अनेक जण आणखी बारीक तार लावून पाहतात. त्याचा उपयोग होत नाही. तारेची लांबी आणि स्वर तेच राहिले, तर बारीक तारेवर ताण कमी पडतो हे खरे, पण तो पेलणारे पोलादही त्याच प्रमाणात कमी होते, त्यामुळे तुटण्याची शक्यता जिथल्या तिथे राहते. सुमारे २४ इंच लांबीवर जी शार्पची तार पेडलने ए पर्यंत, म्हणजे ४४० हर्ट्झपर्यंत चढवायची, तर ती पोलादाच्या सहनशक्तीच्या बऱ्याच जवळ जाते. गुळगुळीत माथा आणि वेळेवर बदललेली तार, एवढेच आपल्या हातात असते.

आता सुरांकडे येतो. वाद्य घरी आणून ट्यूनर लावला, तेव्हा मोकळ्या दहाही तारांचे काटे अगदी मधोमध आले. पहिली दोन पेडले एकदम दाबून ए मेजरचा कॉर्ड छेडला, तेव्हा मात्र त्यातील सी शार्प कानाला खटकला. कारागिराने प्रत्येक स्वर काट्याबरहुकूम, म्हणजे सप्तकाचे बारा समान भाग करणाऱ्या पद्धतीने लावला होता. तंबोऱ्याच्या खरजातून जो स्वयंभू गंधार ऐकू येतो, त्यापेक्षा या पद्धतीतील गंधार सुमारे १४ सेंट चढा असतो (सेंट म्हणजे अर्ध्या स्वराचा शंभरावा भाग). पियानोवर आपण तो चालवून घेतो. पेडल स्टीलचा स्वर मात्र व्हॉल्यूम पेडलच्या आधाराने लांबवर टिकतो, आणि दोन-तीन तारा एकत्र वाजत असताना तेवढाही चढेपणा कानाला टोचतो.

म्हणून बहुतेक वादक गंधाराच्या जागचे स्वर मुद्दाम उतरवून लावतात. ई ला शून्य मानले, तर जी शार्प सुमारे १४ सेंट खाली येतो. पहिल्या पेडलने मिळणारा सी शार्प हा ए चा गंधार असल्याने साधारण १६ सेंट खाली जातो. आणि ई तारा अर्धा स्वर चढवणाऱ्या लिव्हरचा स्वर त्या सी शार्पचा गंधार असल्याने हिशेबाने जवळजवळ ३० सेंट खाली पोहोचतो. जेफ न्यूमन या नामवंत शिक्षकाने तयार केलेले ट्यूनिंगचे तक्ते याच धर्तीचे आहेत आणि ते आजही वापरात आहेत. अर्थात यातही पेच आहे. एफ शार्प ही तार बी च्या पंचमाप्रमाणे लावली तर ती पेडल दाबून मिळणाऱ्या ए आणि सी शार्प यांच्याशी भांडते, आणि त्यांच्याशी जुळवली तर बी पासून सुमारे २२ सेंट दूर जाते. दोन्हीकडे ती शुद्ध ठेवता येत नाही, कुठेतरी तडजोड करावीच लागते. बडी एमन्ससारख्या शिखरावरच्या वादकाने उत्तरकाळात समान विभागणीची बाजू घेतली होती, त्यामुळे काट्याबरहुकूम लावणे ही चूक आहे असे मी म्हणणार नाही. माझा आक्षेप एवढाच, की सहाव्या तारेबद्दल आवर्जून विचारणाऱ्या माणसाने याबद्दल चकार शब्द काढला नाही.

दुसरी उणीव मात्र मतभेदाची नव्हे, निव्वळ हलगर्जीपणाची आहे. आजच्या बहुतेक वाद्यांत मोकळी तार खुंटीने लावतात आणि पेडलचा स्वर चेंजरच्या बाजूला, टोकाच्या पट्टीतून डोकावणाऱ्या षट्कोनी नायलॉन नटांनी लावतात. त्यासाठी ३/१६ इंचाची चावी लागते. क्रमही ठरलेला आहे : आधी मोकळ्या तारा, मग पेडलने चढणारे आणि उतरणारे स्वर, आणि शेवटी मोकळ्या तारांची पुन्हा तपासणी. पहिले पेडल पाचवी आणि दहावी अशा दोन्ही बी तारांना सी शार्पपर्यंत नेते. परत मिळालेल्या वाद्यात पाचवी तार ठरल्या जागी पोहोचत होती, दहावी मात्र स्पष्टपणे खाली राहत होती. एकाच स्वराची दोन सप्तके एकत्र छेडली असती, तर हे कोणाच्याही कानाला लगेच कळले असते. याचा सरळ अर्थ असा, की नव्या तारा ताणून बसल्यानंतर वाद्य पायांवर उभे करून, समोर बसून, पायाने पेडल दाबून कोणी पाहिलेच नव्हते.

टेबलावर उताणे ठेवलेल्या वाद्यावर ही तपासणी होऊच शकत नाही. पेडल दाबल्यावर त्याला चेंजरशी जोडणाऱ्या रॉडची ओढ लाकडी सांगाड्यालाही किंचित वाकवते आणि न दाबलेल्या तारा काही सेंट उतरतात. पहिली दोन पेडले दाबून चौथ्या ई तारेवर लक्ष ठेवले, तर ट्यूनरवर हे दिसते. शिवाय पेडल सोडल्यावर तार नेमकी आधीच्या जागीच परतते असेही नाही, म्हणून प्रत्येक पेडल दाबून-सोडून झाल्यावरच काटा वाचायचा असतो.

तक्रार केल्यावर कार्यशाळेने हुज्जत न घालता वाद्य परत घेतले आणि नटांची जुळणी नीट करून दिली, हेही नोंदवले पाहिजे. गंधार मी घरी स्वतःच्या कानाने उतरवले. तारांचा संच निकेलच्या गुंडाळीचा होता. स्टेनलेसइतकी झळाळी त्यात नाही, पण बार सरकताना होणारी खरखर बरीच कमी आहे आणि मला तेच हवे होते.

फक्त तिसरी तार तुटली असेल, तर या सेवेची गरज नाही, ०.०११ इंचाच्या दोन-चार सुट्या तारा पेटीत ठेवाव्यात आणि स्वतःच बदलाव्यात. चेंजरच्या साफसफाईसह पूर्ण संच बदलायचा असेल, तर मी पुन्हा याच कार्यशाळेत जाईन, मात्र कोणता स्वर किती सेंटवर हवा याचा तक्ता लिहून देईन, आणि वाद्य ताब्यात घेण्यापूर्वी तेथेच वाद्यासमोर बसून पहिले पेडल दाबेन आणि पाचवी-दहावी तार एकत्र छेडून पाहीन.