शटर असलेले 16 अँपिअरचे सॉकेट: वर्षभराच्या वापरानंतर

कोल्हापुरातील आमचे घर 1986 सालचे आहे आणि त्यातील बहुतेक प्लग पॉइंटही तेव्हाचेच होते. गेल्या हिवाळ्यात गिझरच्या पॉइंटमधून जळका वास येऊ लागला. प्लग काढून पाहिला तेव्हा एका पिनेच्या मुळाशी प्लॅस्टिक तपकिरी पडले होते आणि सॉकेटचे उजवीकडील छिद्र वितळून वेडेवाकडे झाले होते. त्यानंतर गिझर, स्वयंपाकघर आणि दिवाणखाना या तीन ठिकाणी आम्ही शटर, म्हणजे छिद्रांआड सरकता पडदा, असलेली नवी मॉड्युलर सॉकेट बसवून घेतली. याच दर्जाचे सॉकेट अनेक कंपन्या बनवतात, म्हणून हे परीक्षण एका कंपनीचे नसून या प्रकारच्या सॉकेटचे आहे.

आधी जुने सॉकेट का जळले ते सांगणे आवश्यक आहे, कारण नव्याची पारख त्यावरूनच करता येते. आमचा गिझर 2000 वॅटचा आहे, म्हणजे 230 व्होल्टला तो सुमारे 8.7 अँपिअर प्रवाह घेतो. सॉकेटच्या आत पितळी पात्या असतात आणि त्या प्लगच्या पिनांना दोन्ही बाजूंनी घट्ट धरतात; वर्षानुवर्षांच्या काढघालीने ही पकड सैल झाली की स्पर्शाच्या जागी रोध वाढतो आणि तेथे उष्णता निर्माण होऊ लागते. हा रोध केवळ 0.1 ओहम धरला तरी गिझर चालू असताना त्या इवल्याशा जागेत साडेसात वॅटहून अधिक उष्णता साठत राहते. उष्णता प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढत असल्यामुळे त्याच सैल पॉइंटवर मोबाइलचा चार्जर लावला तर काहीच जाणवत नाही, आणि घरातील माणसांचा असा समज होतो की पॉइंट उत्तम चालला आहे. अशा वेळी एमसीबी, म्हणजे प्रवाह मर्यादेबाहेर गेल्यास वीज तोडणारा खटका, हाही पडत नाही, कारण प्रवाह नेहमीइतकाच असतो; एमसीबीला प्रवाह कळतो, सैलपणा कळत नाही. वास, पिवळा पडलेला रंग आणि प्लग काढल्यावर हाताला लागणारी ऊब एवढ्याच खुणा आपल्या हाती असतात.

या कसोटीवर गिझरचे नवे सॉकेट पूर्ण उतरले. 16 अँपिअरचा प्लग त्यात बसवताना जोर लावावा लागतो आणि काढताना पात्यांची पकड स्पष्ट जाणवते. वर्षभर मी महिन्यातून एकदा, गिझर वीस मिनिटे चालल्यावर खटका बंद करून प्लग काढला आणि पिनांजवळचा भाग चाचपून पाहिला. एकदाही तो कोमट होण्यापलीकडे गेला नाही. मात्र याचे श्रेय एकट्या सॉकेटला देता येणार नाही. आमच्या वायरमननी गिझरसाठी 4 चौरस मिलिमीटरची वायर नव्याने ओढली, तांब्याच्या सगळ्या तारा पीळ देऊन टर्मिनलमध्ये घातल्या आणि स्क्रू पक्के आवळले. सहा महिन्यांनी त्यांनी मेन स्विच बंद करून ते स्क्रू पुन्हा तपासले, तेव्हा एक स्क्रू अर्धा फेरा फिरला. महागातले सॉकेटही ढिल्या स्क्रूवर जळते, हे त्यांचे म्हणणे मला पूर्ण पटले.

शटरबद्दल थोडे सविस्तर लिहितो, कारण आमची नात दीड वर्षाची आहे आणि दिवाणखान्यातील पॉइंट नेमका तिच्या हाताच्या उंचीवर आहे. थ्री पिन प्लगची वरची, अर्थिंगची पिन इतर दोन पिनांपेक्षा लांब आणि जाड असते. ती सर्वांत आधी आत जाते, त्यामुळे वीज पोहोचण्यापूर्वीच उपकरणाची धातूची बॉडी अर्थिंगशी जोडली जाते, आणि प्लग काढताना तीच सर्वांत शेवटी सुटते. या सॉकेटमध्ये हीच पिन आतील पडदा बाजूला सारते आणि मगच खालची दोन छिद्रे उघडतात. एखादी पेन्सिल किंवा केसांची पिन एका छिद्रात घातली तर ती पडद्यावर अडते. नातीचे बोट त्या छिद्राकडे जाताना मी एकदा पाहिले आहे, त्यामुळे या पडद्याचे मोल मला रुपयांत सांगता येणार नाही.

त्याची गैरसोयही आहे. दोन पिनांच्या चार्जरला अर्थिंगची पिन नसते; आमच्या सॉकेटमध्ये त्याच्या दोन्ही पिना एकाच वेळी, सरळ आणि एकसारख्या दाबल्या तरच पडदा सरकतो, आणि घरातील मंडळी प्रारंभी वैतागली. अशा वेळी अर्थिंगच्या छिद्रात काडी किंवा स्क्रूड्रायव्हर खुपसून पडदा उघडण्याची सवय अनेक घरांत आहे. ती कृपया कोणीही लावून घेऊ नये, कारण त्या क्षणी दोन्ही छिद्रे उघडी असतात आणि आपला हात त्यांच्याजवळच असतो.

स्वयंपाकघरात आम्ही 6 आणि 16 अँपिअरचे दोन्ही प्लग बसणारे सॉकेट घेतले होते. तेथे माझे समाधान झाले नाही. इंडक्शन शेगडीचा मोठा प्लग घट्ट बसतो, परंतु मिक्सरचा लहान प्लग किंचित हलतो. पुन्हा घ्यायचे झाल्यास मी दोन वेगळी सॉकेट घेईन.

या कामात सर्वांत मोठा धक्का सॉकेटमुळे नव्हे, तर त्याच्या मागे काय आहे ते दिसल्यामुळे बसला. जुना बोर्ड उघडला तेव्हा अर्थिंगच्या टर्मिनलला हिरवी वायर नव्हतीच; तेथे न्यूट्रलवरूनच, म्हणजे प्रवाह परत नेणाऱ्या वायरवरूनच, एक तुकडा जोडून ठेवला होता. न्यूट्रलची वायर मागे कुठे तुटली असती तर गिझरच्या धातूच्या बॉडीत थेट वीज आली असती. शिवाय एका पॉइंटचा खटका फेजऐवजी, म्हणजे वीज आणणाऱ्या वायरऐवजी, न्यूट्रलवर होता, म्हणजे खटका बंद केला तरी सॉकेटमध्ये वीज राहत होती. आता तिन्ही ठिकाणी खरे अर्थिंग आहे, समोरून पाहता फेज उजवीकडे आहे, आणि मेनजवळ 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे विजेची गळती होताच पुरवठा तोडणारा खटका, बसवला आहे. नवे सॉकेट घेणाऱ्याने वायरमनकडून या तीन गोष्टी बोर्ड बंद होण्यापूर्वी स्वतःसमोर तपासून घ्याव्यात, असा माझा आग्रह आहे. अर्थिंग नसेल तर तिसरे छिद्र केवळ नावाला उरते.

खरेदी करताना सॉकेटवर आयएसआय चिन्ह, आयएस 1293 हा मानक क्रमांक आणि सीएम/एलने सुरू होणारा परवाना क्रमांक पाहावा. हा क्रमांक भारतीय मानक ब्युरोच्या (बीआयएस) बीआयएस केअर या ॲपवर पडताळता येतो, आणि दुकानातच उभे राहून आम्ही तो पडताळला. सर्व प्रकारच्या पिना बसतात असे सांगून विकले जाणारे सॉकेट दुकानदाराने स्वस्तात देऊ केले होते. रुंद छिद्रांमुळे त्यात कोणतीच पिन नीट धरली जात नाही, म्हणून आम्ही ते नाकारले.

गिझर आणि दिवाणखाना या दोन्ही जागांसाठी मी हे सॉकेट निःशंकपणे सुचवतो. वॉशिंग मशीनचा पॉइंट अजून जुनाच आहे. त्यासाठीचे सॉकेट आणून ठेवले आहे, परंतु तेथे अर्थिंगची वायर ओढून होईपर्यंत ते बसवायचे नाही असे आम्ही ठरवले आहे.