आठ महिने मल्टिमीटर गाडीत बाळगल्यावर

माझी गाडी २००४ची, पेट्रोल. जळगावहून रावेरला आठवड्यातून एक-दोन फेऱ्या, एरवी अंगणात उभी. मार्चमध्ये सेल्फ जड फिरायला लागला. दुकानदार म्हणाला बॅटरी गेली, म्हणून नवी टाकली. मे महिन्यात सावद्याला भर उन्हात किल्ली फिरवली, तर नुसतं ‘टक्’. केळीच्या गाडीवरची दोन पोरं "काय व्हयनं भाऊ?" म्हणत आली, त्यांनी धक्का मारून दिला. त्याच आठवड्यात साधा डिजिटल मल्टिमीटर (व्होल्ट, करंट मोजायचं यंत्र) घेतला.

रात्रभर उभ्या गाडीची बॅटरी १२.५ व्होल्ट दाखवत होती, म्हणजे ठीक. गाडी चालू असताना १४.१, म्हणजे बॅटरी चार्ज करणारा अल्टरनेटरही ठीक. मग मीटरच्या वायरीचा एक काटा इंजिनाच्या उघड्या धातूला, दुसरा बॅटरीच्या निगेटिव्ह टोकाला लावला आणि बायकोला सेल्फ मारायला सांगितलं. आकडा १.४! तिथे ०.२च्या आसपास हवा. इंजिनाच्या अर्थिंगची पट्टी (इंजिन बॅटरीच्या निगेटिव्हला जोडणारी) बोल्टाखाली गंजली होती. पॉलिश पेपरने घासून आवळली, आकडा ०.१५वर आला. जुनी बॅटरी मी मोडीत दिली, तिचा दोष नसावा, याचं आजही वाईट वाटतं.

पावसाळ्यात वेगळंच दुखणं. तीन दिवस उभी राहिली की बॅटरी उतरायची. सगळं बंद करून, निगेटिव्ह वायर सोडवून ती वायर आणि बॅटरी यांच्यामध्ये मीटर जोडला (अशा वेळी सेल्फ अजिबात मारायचा नाही, मीटर जळेल). २८० मिलिअँपिअर चालले होते. पन्नासाच्या आत असायला हवेत. तीन दिवसांत वीस अँपिअर-अवर गेले, माझी बॅटरी पस्तीसची! एकेक फ्यूज काढत गेलो. गाण्यांच्या टेपचा फ्यूज काढताच आकडा ३०वर. नंतर बसवलेला टेप थेट बॅटरीवर जोडलेला होता, तो किल्ली फिरवल्यावरच चालू होणाऱ्या लाइनवर घेतला.

मीटरची तक्रार एकच मोठी: १० अँपिअरच्या खाचेला आत फ्यूज नाही. करंट मोजून झाल्यावर लाल वायर व्होल्टच्या खाचेत परत लावायची विसरलात आणि काटे बॅटरीला टेकवले, तर थेट शॉर्ट होतो. शिवाय वायरी आखूड आहेत. आपल्याकडच्या मेच्या उन्हात काचेमागे ठेवला तर पडदा काळा पडतो, सावलीत आणला की पुन्हा दिसतो. थोडे पैसे जास्त गेले तरी फ्यूजवालाच घ्या.

परवा पहाटे, कडाक्याच्या थंडीत, सेल्फ मारताना बॅटरीवर १०.६ व्होल्ट राहिले. गाडी पहिल्याच किल्लीला चालू झाली.