मँटिस ओळखण्यासाठी आयनॅचरलिस्ट: वंशापर्यंत भरवशाचं, जातीला मात्र तुमचा फोटो हवा

पावसाळा ओसरला की कुंपणावर, कढीपत्त्याच्या झाडावर, रात्री दिव्याभोवती मँटिस दिसायला लागतात आणि व्हॉट्सॲप ग्रुपवर 'हा कुठला नाकतोडा?' अशी विचारणा सुरू होते. हा नाकतोडा नव्हे. प्रार्थनाकीटक किंवा खंडोबाचा किडा म्हणतात तो हा, आणि नात्याने तो झुरळ-वाळवीला जास्त जवळचा. त्याची ओळख पटवायला सध्या सगळ्यात सोयीचं साधन म्हणजे आयनॅचरलिस्ट हे मोफत ॲप. मँटिसपुरते आम्ही त्याला पाचपैकी चार गुण देतो. कापलेला एक गुण नेमका कशाचा, हे कळलं तर ॲप नीट वापरता येतं.

फोटो टाकून नोंद केली की ॲप नावं सुचवतं आणि ती नोंद पाहणारे इतर लोकही नाव देतात. आपल्याकडचा मोठा हिरवा मँटिस असेल तर 'हायरोड्युला वंश' (वंश म्हणजे जवळच्या जातींचा गट) हे उत्तर सहसा बरोबर येतं. पंखावर काळ्या कडेचा डोळ्यासारखा ठिपका असलेला क्रिओब्रोटर वंशही सहसा चुकत नाही. घोटाळा होतो तो पुढे, जातीच्या नावावर. ज्या जातींचे पुरेसे फोटो आधी जमा आहेत, तेवढ्याच ॲपला शिकवलेल्या असतात. जगात मँटिसच्या 2,400 हून अधिक जाती आहेत आणि त्यातल्या बऱ्याच जातींचे जिवंतपणी काढलेले फोटो मोजकेच. मग ॲप शिकलेल्या जातींमधली दिसायला सगळ्यात जवळची जात पुढे करतं. शिवाय अनेक वंशांत जात ठरते ती नराच्या जननेंद्रियाच्या रचनेवरून, आणि ती फोटोत दिसतच नाही. म्हणून सुचवलेल्या यादीतलं पहिलं नाव डोळे झाकून निवडू नका. वंशावर थांबणं ही कमतरता नव्हे, ती प्रामाणिक नोंद आहे.

जातीपर्यंत जायचं असेल तर पाठीवरून काढलेला एक सुंदर फोटो पुरत नाही. किमान चार हवेत: वरून पूर्ण शरीर, समोरून चेहरा, बाजूने पोट आणि पंखांची टोकं, आणि पुढच्या पायाची आतली बाजू. चौथा फोटो बहुतेक जण काढत नाहीत आणि ओळख तिथेच अडते. मँटिस रिलिजिओसाच्या पुढच्या पायाच्या मुळाशी आतून काळा ठिपका असतो, बऱ्याचदा मधे पांढरा. हायरोड्युलात तिथले फुगीर पिवळट-पांढरे उंचवटे किती, केवढे, हे पाहावं लागतं. मँटिस पाय मिटून बसतो, त्यामुळे वरून यातलं काहीच दिसत नाही. सोपा उपाय म्हणजे पारदर्शक प्लास्टिकचा स्वच्छ डबा. त्याला हलकेच आत घ्या, डबा उजेडाकडे धरा आणि तळाच्या बाजूने फोटो काढा. पाय ओढून उघडू नका, तुटतो. याच फोटोत नर-मादीही कळते: प्रौढ मादीच्या पोटाखाली 6 पट्टे दिसतात, नराच्या 8. पंख अजून नुसते कोंब असतील तर ते पिल्लू आहे, आणि पिल्लाला वंशापुढे नाव देण्याचा आग्रह धरू नये.

क्रिओब्रोटरला 'ऑर्किड मँटिस' म्हणायची चूक तर रोजची. खरा ऑर्किड मँटिस म्हणजे हायमेनोपस कोरोनेटस. तो आग्नेय आशियाकडचा, आणि त्याच्या मधल्या-मागच्या मांड्यांवर पाकळीसारखे रुंद पसरट भाग असतात.

ॲपची सगळ्यात मोलाची बाजू म्हणजे तिथलं वर्गीकरण. 2002 च्या मांडणीत मँटिसची 15 कुलं (कुल म्हणजे जवळच्या वंशांचा गट) होती. 2019 साली श्वार्झ आणि रॉय या संशोधकांनी मुख्यतः नराच्या जननेंद्रियावरून सगळी घडी नव्याने बसवली आणि कुलं झाली 29. आपल्या झाडांच्या सालीला चपटून बसणारा हंबर्टिएला पूर्वी लिटर्गुसिडी कुलात होता, अमेरिकेतल्या तशाच चपट्या मँटिसांबरोबर. दोघांचं साम्य सालीवर राहण्यातून आलेलं, रक्ताचं नव्हे. आता हंबर्टिएला गोनिपेटिडीत आहे आणि लिटर्गुसिडी अमेरिकेपुरतं उरलं. जुन्या पुस्तकात आणि ॲपवर कुलाचं नाव वेगळं दिसलं तर गोंधळू नका. नाव बदललं की ॲपवरच्या जुन्या नोंदीही नव्या नावाखाली आणल्या जातात, छापील पुस्तकाला ते जमत नाही.

प्रसाराचा नकाशा मात्र सावधपणे वाचावा. पुण्या-मुंबईभोवती ठिपक्यांची दाटी दिसते कारण तिथे फोटो काढणारे जास्त. एखादा जिल्हा कोरा असेल तर तिथे मँटिस नाहीत असा अर्थ होत नाही. दिव्यावर उडून येणारे बहुतेक नर, त्यामुळे नोंदींत त्यांचं पारडं जड होतं.

नोंद बिघडते ती बहुधा अपलोड करताना. व्हॉट्सॲपवरून आलेल्या फोटोतून ठिकाण आणि मूळ तारीख गळून जाते, म्हणून ती काढणाऱ्याला विचारून हाताने भरा. एकाच किड्याचे चार फोटो एकाच नोंदीत टाका, चार नोंदी नकोत. डब्यात वाढवलेला असेल तर 'कॅप्टिव्ह' अशी खूण करा, खिडकीत आपणहून आलेल्याला ती लागत नाही. आणि कुणी जाणकाराने नाव दिलं म्हणून लगेच 'ॲग्री' दाबू नका. तुमच्या त्या एका मतानेही नोंद 'रिसर्च ग्रेड' (संशोधनाला वापरण्याजोगी) होऊ शकते आणि चुकीचं नाव तसंच जीबीआयएफ या जीवजातींच्या नोंदींच्या जागतिक साठ्यात जातं. लक्षण स्वतः पाहिलं असेल तरच दाबा.

काटकीला किंवा भिंतीला चिकटलेला, वाळलेल्या फेसासारखा अंडीकोष दिसला तर त्याचीही नोंद टाका, शेजारी मोजपट्टी धरून. त्यातून पिल्लांऐवजी शेपटीसारखी लांब अंडनळी असलेल्या चिमुकल्या पोडाग्रिऑन (गांधीलमाशीच्या नात्यातल्या) माश्या निघाल्या, तर त्या मँटिसच्या अंड्यांवर वाढलेल्या परजीवी. त्यांची नोंद वेगळी करा आणि अंडीकोषाच्या नोंदीचा दुवा तिथे जोडा.